एका मिलिमीटरचे अंतर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात सात रस्ता, सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्हीच निवडावा, अशी मोकळीक चिटणीसांनी आम्हांस दिली. ज्ञातीची संघटना, मुलींचे शिक्षण, लग्नातील खर्च ह्यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय थोर आहेत, आणि त्यांवर आमच्याहून अधिक अधिकाराने बोलणारे वक्ते आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही मात्र डोळ्यांविषयी बोलणार आहोत. आणि तेही सरसकट नव्हे, तर एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून अधिक असतो, त्या अवस्थेविषयी. सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्यावर ज्या ज्ञातीच्या कित्येक पिढ्यांचे पोट चालले, तिच्यापुढे डोळ्यांची गोष्ट काढण्यास निमित्त शोधावे लागत नाही. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेले आणि उभा जन्म फळ्यापुढे घालविलेले शिक्षक आहोत. परंतु आमचा उजवा डोळा उणे अडीच नंबरचा आणि डावा जवळजवळ निर्दोष, असा हा भेद आम्ही जन्मभर बाळगीत आलो आहोत. ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार म्हणाल, तर तो एवढाच.

नंबर हा शब्द आपण रोज उच्चारतो. त्याचा अर्थ मात्र थोड्यांस ठाऊक असतो. उणे एक नंबरच्या डोळ्यास चष्म्यावाचून एक मीटरपर्यंतचे स्वच्छ दिसते, त्यापलीकडचे अंधुक. उणे दोन म्हणजे अर्धा मीटर. उणे चार म्हणजे पाव मीटर, वीतभराहून किंचित अधिक. जुनी पुस्तके ह्या दोषास ऱ्हस्वदृष्टी म्हणत. हल्लीच्या क्रमिक पुस्तकांत निकटदृष्टिता असा शब्द आहे. शब्द कोणताही घ्या, दूरचे न दिसणे हा त्याचा अर्थ.

हे होते कशामुळे? डोळ्याच्या पुढील बाजूस काचेसारखे पारदर्शक पारपटल असते, त्यामागे बाहुली व भिंग, आणि अगदी मागे, पडद्यावर चित्र उमटावे तसे ज्यावर चित्र उमटते ते दृष्टिपटल. आलेला प्रकाश वळवून त्याचे टोक नेमके दृष्टिपटलावर आणण्याचे काम पारपटल आणि भिंग मिळून करतात. ह्या दोघांचे मिळून बळ सुमारे ६० नंबरचे. त्यातील ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाचे. प्रौढ माणसाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. डोळा ह्याहून लांब वाढला की प्रकाशाचे टोक दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते, आणि दूरचे चित्र फिसकटते. हिशेब असा की, एक मिलिमीटर लांबी वाढली म्हणजे अडीच ते तीन नंबर वाढला. एक मिलिमीटर म्हणजे गोधडी शिवण्याच्या सुईची जाडी. तेवढ्या अंतरासाठी एका डोळ्यास सात रस्त्यावरील पाट्या वाचता याव्यात आणि दुसऱ्यास समोरच्या माणसाचा चेहरा ओळखता येऊ नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दोन्ही डोळ्यांत एक नंबर किंवा त्याहून अधिक फरक असला म्हणजे डॉक्टर त्यास ॲनआयसोमेट्रोपिया म्हणतात. ग्रीक भाषेतील शब्दांची ही मोळी सोडविली तर 'असमान मापाची दृष्टी' एवढाच अर्थ निघतो. हॉलंडमधील डोंडर्स ह्या नेत्रवैद्याने १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ह्या अवस्थेचा स्वतंत्र विचार केला आहे. तेव्हा ही काही मोबाईलच्या युगाने आणलेली नवी पीडा नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांची समजूत अशी असते की, अधिक नंबरचा डोळा अशक्त असतो, त्याचे 'भिंग खराब' असते किंवा 'शीर दबलेली' असते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील संशोधकांनी २०११ साली ह्याच प्रश्नाचा छडा लावण्यासाठी ३४ तरुण माणसे निवडली. सर्वांचे दोन्ही डोळे ऱ्हस्वदृष्टीचे, परंतु नंबर असमान. दोन्ही डोळ्यांची सर्व मापे काढून पाहता, पारपटलाचा बाक, पुढील कप्प्याची खोली वगैरे गोष्टी उजव्याडाव्यात जवळजवळ सारख्या निघाल्या. खरा फरक निघाला तो लांबीत. डोळ्याच्या मागील भागात काचेसारखा पारदर्शक, घट्टसर रस भरलेला असतो. तो मागचा कप्पाच एका डोळ्यात अधिक लांब झालेला होता. आणखी एक मौज अशी की, ज्यांच्यात हा फरक पावणेदोन नंबरांहून अधिक होता, त्यांच्यात नेम धरताना पुढे होणारा डोळा बहुधा अधिक नंबरचाच निघाला! ज्याला आपण दुबळा म्हणून हिणवितो, तोच घरचा कारभारी.

म्हणजे अधिक नंबरचा डोळा दुबळा नव्हे, तो मोठा आहे. आपल्या धंद्यातील भाषेत सांगावयाचे तर पुढचे कापड, गळा आणि गुंड्या दोन्हींकडे एकाच मापाच्या. पाठ मात्र एकीकडे लांब बेतली गेली. परंतु शिंप्याजवळ जादा कापड असते, डोळ्याजवळ ते नसते. तेवढेच कापड मोठ्या अंगावर ताणले म्हणजे वीण विरळ होते, तसे येथे घडते. लांबलेल्या डोळ्याचे मागील बाजूचे पांढरे कवच आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर लहान डोळ्यापेक्षा पातळ झालेले असते; ज्या ठिकाणी दृष्टीची नस डोळ्यात शिरते तेथे तिच्या कडेला कधी चंद्रकोरीसारखा फिकट पट्टा दिसतो. नंबर थोडा असेल तर ह्यात भिण्यासारखे काही नाही. उणे सहाच्या पलीकडे गेलेल्या डोळ्यात मात्र हे विरळपण ध्यानात ठेवावे लागते. त्याविषयी पुढे बोलू.

दोघे एकाच कपाळाखाली राहतात, एकच रक्त पितात, एकच पुस्तक वाचतात. मग एकच का लांबतो? येथे घरोघर एक न्यायालय भरते आणि त्यात आरोपी बहुधा आई असते. 'पोरीला एका कुशीवर निजवलेस', 'गरोदरपणी ग्रहण पाळले नाहीस', 'मोबाईल हातात दिलास'. ग्रहणाचा आणि डोळ्याच्या लांबीचा काडीचा संबंध नाही, हे आम्ही येथे स्पष्ट सांगून टाकतो. अमेरिकेत वीझेल आणि राव्हिओला ह्या शास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडाच्या पिलाची एकाच डोळ्याची पापणी शिवून बंद ठेवली असता तोच डोळा लांबला. उघडा डोळा नेहमीसारखा वाढला. माणसातही हे दिसते: जन्मतः ज्याची एक पापणी खाली पडलेली असते किंवा एका डोळ्यात मोतीबिंदू असतो, अशा मुलाचा तो डोळा कित्येकदा अधिक लांब होतो. ह्याचा अर्थ असा की, प्रत्येक डोळ्याजवळ वाढीची आपली स्वतंत्र मोजपट्टी आहे. समोरचे चित्र कसे उमटते हे पाहून तो आपले माप ठरवितो. जन्मतः डोळा सुमारे १७ मिलिमीटरचा असतो, आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या दोनतीन वर्षांत उरकते. एवढ्या धांदलीच्या बेतणीत दोन्ही बाजू सुईभरही चुकू नयेत, हेच खरे नवल. बहुतेक मुलांत त्या चुकत नाहीत. काहींत चुकतात. त्यात आईचा अपराध शोधू नये.

मोबाईलची वकिली आम्ही करीत नाही. जवळचे काम फार आणि उघड्यावरचे खेळणे थोडे, ह्याने ऱ्हस्वदृष्टी वाढते हे आता पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे, आणि तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा उपक्रम धरला. परंतु हे बोलणे दोन्ही डोळ्यांच्या नंबराविषयी झाले. आम्ही एवढेच म्हणतो की, सोलापुरास उजेडाची टंचाई कधी नव्हती. सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर मुलांना अंगणात सोडण्यास पैसा पडत नाही.

आता ज्या कारणासाठी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला, त्याकडे येतो. दोन्ही डोळ्यांना सारखा नंबर असला तर तो लपत नाही. मुलाला फळा दिसत नाही, ते पुढच्या बाकावर येऊन बसते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, आणि मास्तरांच्या ध्यानात येते. एकच डोळा अधू असला तर दुसरा चांगला डोळा सगळा संसार एकटा ओढतो. मूल पळते, खेळते, फळा वाचते, पहिला नंबरही मिळविते. त्याला स्वतःलाही काही उणे आहे हे कळत नाही. कारण एका डोळ्याने अंधुक दिसते ते सगळ्यांनाच तसे दिसत असेल, अशी त्याची समजूत असते. आमच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, पाठांतर उत्तम. वाचताना मात्र मान किंचित कलती असे. तिची आजी शाळेत आली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, आमच्या घराण्यात सगळ्यांचीच मान अशी. तिचा बाप बी असाच बघतो." आम्ही तळहाताने मुलीचा उजवा डोळा झाकला आणि फळ्यावरील ओळ वाचावयास सांगितली. ती म्हणाली, "गुरुजी, फळा कुठाय?" ती तेव्हा सहावीत होती. पुढे चष्मा मिळाला, काही सुधारणाही झाली. पण तो डोळा पूर्ण उजळला नाही. चार वर्षांची असताना तिचा डोळा कोणी झाकून पाहिला असता, तर बहुधा उजळला असता.

हे असे का, ते समजून घेतले पाहिजे. पाहण्याचे काम डोळा अर्धेच करतो. उरलेले मेंदू करतो. ह्यूबेल आणि वर सांगितलेले वीझेल ह्यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून दाखविले की, तो पुढे उघडला तरी मेंदू त्याचे ऐकेनासा होतो. ह्या संशोधनाबद्दल त्यांस १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असमान नंबराच्या मुलातही हेच घडते. एकीकडून स्वच्छ आणि दुसरीकडून फिसकटलेले अशी दोन चित्रे येऊ लागली म्हणजे मेंदू फिसकटलेले टाकून देऊ लागतो, आणि टाकता टाकता ते वाचण्याची कलाच विसरतो. मग चष्मा लावूनही दिसत नाही. ह्यासच आळशी डोळा म्हणतात. नाव वाईट आहे. आळस डोळ्याचा नव्हे.

येथे एक बारकावा आहे. उणे नंबरचा डोळा जवळचे तरी स्वच्छ पाहतो, म्हणून मेंदू त्याला वाचनाच्या कामी वापरतो आणि तो पुष्कळदा जागा राहतो. आमचा उजवा डोळा असाच वाचला. फरक तीन नंबरांच्या पुढे गेला की उणे नंबरातही धोका वाढतो. एका डोळ्याला अधिक नंबर असेल, म्हणजे तो डोळा आखूड राहिला असेल, तर त्याला जवळचे व दूरचे दोन्ही कष्टाने दिसते. तेथे एक-दीड नंबरचा फरकही डोळा आळशी करण्यास पुरतो. म्हणून 'नंबर थोडाच आहे' ह्या शब्दावर समाधान मानू नये. तो उणे की अधिक, आणि दोन्हींत अंतर किती, हे विचारावे.

उपाय आहे, आणि तो शस्त्रक्रियेचा नाही. प्रथम पूर्ण नंबरचा चष्मा. एवढ्यानेच कित्येक मुलांचा डोळा काही महिन्यांत पूर्ववत होतो. न झाल्यास चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी. अमेरिकेत २००३ साली झालेल्या मोठ्या चाचणीत असे दिसले की, मध्यम दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरते. २००२ च्या चाचणीत चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो मुद्दाम अंधुक करण्याचा उपायही पट्टीच्या तोडीचा ठरला. हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सात-आठ वर्षांच्या आत गुण उत्तम येतो. त्यानंतरही काही मुलांत येतो, हे २००५ साली दिसून आले, तेव्हा मोठ्या मुलांच्या आईबापांनीही आशा सोडू नये. पट्टीला मूल रडते, शेजारी हसतात, आजोबांना दया येते आणि ते पट्टी काढतात. आजोबांनी एवढी दया करू नये.

एका डोळ्याने जगता येत नाही काय? येते. मन्सूर अली खान पतौडी ह्यांनी १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटारीच्या अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली. त्याच वर्षाअखेरीस ते भारताकडून कसोटी खेळले आणि १९६२ साली एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले. परंतु प्रत्येक घरात पतौडी जन्मत नाही. दोन डोळ्यांची दोन किंचित वेगळी चित्रे मेंदूत एक होतात, तेव्हा वस्तूची खोली आणि अंतर बिनचूक कळते. बाहेरच्या चौकात सात बाजूंनी वाहने येतात. कोणती रिक्षा किती लांब आहे ह्याचा अदमास ज्याला दोन डोळ्यांनी येतो, त्याचे रस्ता ओलांडणे निराळे, आणि ज्याला एकाच डोळ्यावर विसंबावे लागते त्याचे निराळे. आम्ही मुलांबरोबर चेंडू झेलण्यात नेहमीच कच्चे ठरलो, हेही येथे नमूद करतो.

आता एक नाजूक विषय. आपल्या वधूवर मेळाव्यांत मुली चष्मा पर्समध्ये ठेवून व्यासपीठावर येतात. ज्यांचे नंबर असमान, त्यांच्या चष्म्याची एक काच जाड, एक पातळ. जाड काचेतून तो डोळा बाहेरून लहान दिसतो, म्हणून संकोच अधिक. कित्येक ठिकाणी तर मुलीचा नंबर परिचयपत्रकात लिहू नये, असे वडीलच सांगतात. मुलांचा नंबर मात्र कोणी विचारीतही नाही. नंबर लपविण्यासाठी मुलगी चष्मा टाळते, आणि चष्मा टाळल्याने वयात आलेल्या मुलीचा डोळा आळशी होत नसला तरी डोके दुखते, पायरी चुकते. आमचे मत स्पष्ट आहे: कोणाच्या डोळ्याची पाठ दुसऱ्याहून सुईभर लांब आहे, हे काही घराण्याचे वैगुण्य नव्हे. ज्यांस जाड काच नको असेल त्यांना कॉन्टॅक्ट लेन्स आहे. असमान नंबरात ती दिसण्यापुरतीच नव्हे, दृष्टीसाठीही सरस ठरते. कारण उण्या नंबरची काच चित्र लहान करते, आणि दोन्हीकडील चित्रे लहानमोठी झाली म्हणजे मेंदूला ती जुळविणे जड जाते. प्रौढपणी प्रथमच पूर्ण नंबर लावला की जमीन कलती भासते, ती ह्यामुळे. लहान मुले हा फरक सहज पचवितात.

वडीलधाऱ्या मंडळींसाठी थोडे. 'आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी चाळिशीवाचून पोथी वाचीत', असे अभिमानाने सांगितले जाते. त्यांतील कित्येकांचा एक डोळा उणे दोन-तीन नंबरचा असला पाहिजे. चाळिशीनंतर भिंग ताठर होते आणि जवळचे दिसेनासे होते. परंतु असा डोळा मुळातच हातभर अंतरावर बसविलेला असतो. आम्हीही डाव्या डोळ्याने शेवटचा बाक पाहत होतो आणि उजव्याने वह्या तपाशीत होतो. चाळिशी आम्हांस लागली नाही. अमेरिकेचे १८५७ ते १८६१ ह्या काळातील अध्यक्ष बुकॅनन ह्यांचा एक डोळा जवळचे व दुसरा दूरचे पाही, आणि ते मान कलती ठेवून बोलत. मोतीबिंदू काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: आत बसवावयाच्या भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी मोजून काढतात, आणि ती प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र मोजावी लागते. 'मागच्या वर्षी डाव्यात बसविले तेच उजव्यात बसवा' असा आग्रह धरू नये. आणि आपला एक डोळा जन्मभर वाचनाचा असेल, तर तो तसाच ठेवावयाचा की नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

वर विरळ विणीची गोष्ट राहिली होती. ज्यांचा एक डोळा उणे सहाच्या पुढे आहे, त्यांनी चष्मा ठीक आहे म्हणून निश्चिंत न राहता वर्षाकाठी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. अकस्मात विजेसारखे चमकू लागले, काळे ठिपके पुष्कळ तरंगू लागले, किंवा एका बाजूने पडदा उतरल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दृष्टिपटल सुटण्याची ती खूण असते. येथेही चांगला डोळा घात करतो: तो उघडा असेपर्यंत पडदा जाणवत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. आपली पुष्कळ मुले आता विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जातात; त्यांच्यापर्यंत ही पथके पोचत नाहीत. म्हणून घरची रीत सांगतो. मूल साडेतीन-चार वर्षांचे झाले की चांगल्या उजेडात त्यास भिंतीपासून सहा मीटरवर उभे करावे. एक डोळा तळहाताने झाकावा. बोटांनी नव्हे, कारण मुले फटीतून पाहतात. डोळा दाबू नये, दाबलेल्या डोळ्यास नंतर काही वेळ अंधुक दिसते. अक्षरे न येणाऱ्या मुलासाठी तीन दाते असलेला 'ई' आकाराचा तक्ता मिळतो; दाते कोणत्या बाजूस आहेत ते मूल बोटांनी दाखविते. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांत एका ओळीहून अधिक फरक पडला, किंवा एक डोळा झाकताच मूल हात झटकून रडू लागले आणि दुसऱ्याच्या वेळी शांत राहिले, तर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. घरची तपासणी ठीक उतरली तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा तज्ज्ञांकडून डोळे पाहून घ्यावेच.

असा एक तक्ता आम्ही आणून शेजारच्या खोलीत लावला आहे, आणि सहा मीटरवर खडूने रेघ मारून ठेवली आहे. भोजनास अर्धा तास अवकाश आहे. ज्यांची मुले आठ वर्षांच्या आतील आहेत, त्यांनी ती घेऊन यावे.